घरगाडी, दोन कुत्री आणि आम्ही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी मी चहाफराळाच्या बाजूला असते. यंदा चिटणीसबाईंनी मला इकडे उभे केले. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या गाडीतून कुत्री घेऊन कुठे कुठे जाता, त्याबद्दल गावात ज्याला जे वाटेल तो ते सांगतो. एकदा तुमच्या तोंडून होऊ द्या." तेव्हा सांगते. माझी शाळा सातवीपर्यंतची. बोलण्यात काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वर तरी असावयाचे, नाहीतर विमान तरी. आमच्याजवळ तसले काही नाही. शनिवारी दुपारी झरीहून निघावयाचे आणि रविवारी दिवेलागणीच्या आत घरी यावयाचे. सगळ्यात लांब गेलो ते लोणारला. पण ह्या एवढ्याशा जाण्यायेण्याने माझ्या आयुष्यात जो फरक पडला, तो सांगावासा वाटतो.

आपल्यात एक म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. आताच्या मुलींना नळा ठाऊक असणार नाही. बैलगाडीच्या आसाला घालावयाचे तेल वेळूच्या एका नळकांड्यात भरून ते गाडीला टांगीत. गाडी यात्रेला निघाली की नळाही निघे. तू येतोस का, असे त्याला कोणी विचारीत नसे. माझ्या माहेरची गाडी महाशिवरात्रीला औंढ्याला जाई. वर आम्ही पोरेबाळे, मागे दशम्यांचे गाठोडे आणि खाली दोन चाकांच्या मध्ये सावली धरून आमचा कुत्रा. तो कोसच्या कोस असा चाले, आणि बैल थांबले की जागच्या जागी बसून घेई. लहानपणी मला त्याची फार गंमत वाटे. पुढे लग्न झाल्यावर कळले की आपला प्रवास नळ्याचा आहे. लग्नकार्य, बारसे, कुणाची माती, कुणाचा दवाखाना, अशी कारणे निघाली की मी निघाले. कारण नसताना घराबाहेर एक रात्र मी वीस वर्षांत काढली नव्हती. ही मी तक्रार सांगत नाही. इथे बसलेल्या पुष्कळजणींचे असेच असेल.

त्यातही जी कारणे होती ती कुत्र्यांनी बंद केली. आमचा मोत्या बस स्टँडवरचा, पाय मोडलेला असा मुलीने उचलून आणला. राणीला कोणी पोत्यात घालून आमच्या शेताच्या धुऱ्यावर सोडून गेले होते. दोन्ही गावठीच, पण जीव लावणारी. मग कुठेही जाण्याची गोष्ट निघाली की घरात पहिला प्रश्न यावयाचा, कुत्र्यांपाशी कोण राहणार? आणि त्याचे उत्तर कोणाला शोधावे लागत नसे. सगळे माझ्याकडे पाहात.

आमच्या यजमानांचे मोटार दुरुस्तीचे काम. त्यांनी एका शाळेची सतरा वर्षांची जुनी बसगाडी घेतली, ती सुटे भाग काढून विकण्यासाठी. ती आठ दिवस अंगणात उभी होती. एका दुपारी राणी त्यात जाऊन निजली, तिला हाकलायला म्हणून मी आत चढले आणि बसून राहिले. खिडक्या सगळ्या धड होत्या. संध्याकाळी मी यजमानांना म्हटले, "ही मोडू नका. ही ठेवू. हिच्यात आपणही मावतो आणि कुत्रीही मावतात." ते माझ्याकडे पाहातच राहिले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन उघडले.

ज्यांना अशी गाडी करावयाची आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. गाडीतील बाके काढणे हे आपल्या मर्जीचे काम नाही. परिवहन कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते आणि नोंदणीच्या पुस्तकात तसा बदल करून घ्यावा लागतो. गाडीची पंधरा वर्षे भरली की खाजगी गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यावी लागते. हे सगळे होईपर्यंत आमचा उन्हाळा गेला. आत दोन लाकडी पेट्या केल्या. त्यांत सामान राहते आणि वर गादी पडते. माझ्या जुन्या लुगड्यांचे पडदे. पाण्याचे दोन मोठे कॅन. शेगडी गाडीत पेटवायची नाही, खाली उतरून आडोशाला पेटवायची, हा नियम मी घातला आणि तो अजून कोणी मोडलेला नाही. मागच्या दाराशी गोणपाट टाकून कुत्र्यांची जागा केली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा घरगाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्या गाड्यांत न्हाणीघर असते, थंड हवेचे यंत्र असते. आमच्या गाडीतली हवा म्हणजे खिडकी.

आमच्या मुलीने मोबाइलवर वाचून सांगितले की, हौसेसाठी घरगाडी करून हिंडण्याची रीत विलायतेत गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरांनी पाडली. १८८५ साली घोड्यांनी ओढायची गाडी बांधून घेऊन ते इंग्लंडातून थेट स्कॉटलंडात गेले आणि बरोबर त्यांचा मोठा केसाळ कुत्रा होता. पुढे १९६० साली अमेरिकेत जॉन स्टाइनबेक ह्या लेखकाने मालमोटारीवर खोली बसवली आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश पालथा घातला. त्याचे पुस्तक १९६२ साली निघाले. म्हणजे कुत्रे घेऊन हिंडण्याचा वेडेपणा काही आम्हीच काढलेला नाही. फरक एवढाच, की त्या डॉक्टरांच्या बरोबर गाडीवान आणि नोकर होता. आमच्याकडे गाडीवान यजमान, आणि दुसऱ्याचे नाव सांगायला नको.

सासूबाईंना हे मुळीच पटले नाही. "घरदार असून रस्त्यावर निजायचं? आन् संगं कुत्री?" असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कुत्र्याचा स्पर्श झाला तर त्या अजून हातपाय धुतात. मी वाद घातला नाही. त्यांच्या दोन दिवसांच्या भाकरीभाजीची व्यवस्था जाऊबाईंकडे लावली आणि दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही निघालो.

पहिली सहल येलदरीची. जिंतूरपर्यंत रस्ता ओळखीचा, पण कुत्र्यांना नव्हता. राणीने दोनदा ओकारी काढली. पुढे समजले की निघण्याआधी तीनचार तास त्यांना खायला घालू नये, आणि आधी चारआठ दिवस उभ्या गाडीत बसवून सवय करावी. येलदरीचे धरण पूर्णा नदीवर आहे, ते १९६८ साली पुरे झाले. त्याच्याखाली सिद्धेश्वरचे धरण, आणि दोन्हींचे पाणी मिळून कालव्याने पार वसमतकडे जाते. आम्ही एका चहावाल्याच्या मोकळ्या जागेत, त्याला विचारून, गाडी लावली. रात्री प्रत्येक मालमोटारीला मोत्या भुंके आणि मी उठून बसे. यजमान मात्र घोरत होते.

एक गोष्ट पुरुषमंडळी कधी सांगत नाहीत, म्हणून ती मी सांगते. बाईने बाहेर मुक्काम करावयाचा म्हणजे पहिली काळजी चोराची नसते, पहाटे जायचे कुठे ही असते. पहिल्या सहलीला मी शनिवारी दुपारपासून पाणी पिणे कमी केले होते. असे करू नये, त्याने दुखणे येते. आता आम्ही मुक्काम ठरवतो तो देवस्थानाचे भक्तनिवास, चांगला पेट्रोलपंप किंवा ओळखीच्यांचा आखाडा पाहून, आणि मी आधी जाऊन मोरी-संडास बघून येते. बघितल्याशिवाय गादी अंथरीत नाही. अंधारात जायचे झाले तर राणीला साखळी लावून बरोबर नेते. माणसापेक्षा तिची सोबत बरी, ती काही विचारीत नाही.

त्या रात्री झोप कमीच झाली, पण पहाटे पाण्यावर धुके होते आणि मला कोणासाठी काही करावयाचे नव्हते. चहासुद्धा चहावाल्याने केला. मी नुसती बसून राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही.

दुसऱ्या सहलीला औंढा आणि नरसी. औंढा पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा झाला. देवळात कुत्री नेता येत नाहीत आणि नेऊही नयेत. त्यामुळे आम्ही आळीपाळीने दर्शन घेतले. कुत्र्यांना बंद गाडीत ठेवून दोघांनी जाणे हे मात्र कधीच करू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकून अंग निववते, आणि उन्हातली बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. म्हणून फाल्गुन सरला की आमची गाडी पाऊस पडेपर्यंत अंगणात. आपल्या परभणीचे ऊन मी सांगायला नको.

नरसी हे नामदेवरायांचे गाव. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातूनही लोक तिथे येतात. नामदेवांच्या पोळ्या कुत्र्याने पळवल्या तेव्हा, कोरड्या खाऊ नकोस, असे म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मी मोत्याला धरून कयाधूच्या काठी बसले होते. एका म्हाताऱ्या बाईने त्याच्यापुढे अर्धी भाकरी ठेवली आणि काही न बोलता निघून गेली.

परतताना यजमानांचे वसमतला काम होते म्हणून औंढ्याहून तिकडे वळलो. दिवस मावळता मावळता गाडीचा पंख्याचा पट्टा तुटला. दोन्ही बाजूंना ऊस. नवा पट्टा सकाळशिवाय मिळण्यासारखा नव्हता. थोड्या अंतरावर ऊसतोडीची टोळी उतरली होती, पाचसहा कोप्या आणि गाड्या. यजमान म्हणाले, माणसांच्या जवळ राहू. आम्ही गाडी ढकलत तिथवर नेली.

एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करीत होती. माझ्यापेक्षा वयाने लहान असावी. तिने आमची गाडी पाहिली, पडदे पाहिले, पेट्या पाहिल्या, कुत्री पाहिली आणि आपलेपणाने विचारले, "कोन्या कारखान्याला चाललाव, बाई?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. मग म्हटले, "कारखान्याला नाही. फिरायला निघालोत."

"कशासाठी?"

"असंच. हौस म्हणून."

"घर हाय ना तुमाला?"

"आहे."

"मंग?" असे म्हणून ती हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता. तिला खरेच कळले नव्हते. तिच्याही गाडीखाली एक काळा कुत्रा बांधलेला होता. मी म्हटले, ह्याला एवढ्या लांब कशाला आणता? तर म्हणाली, "गावात त्याच्यापाशी कोन ऱ्हानार? समदं गावच रिकामं व्हतंय." माझ्या घरात जो प्रश्न होता तोच तिच्या घरात, तिच्याच शब्दांत. मी तिच्या चुलीपाशी बसले. बरोबरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तिने ऊन भाकरी दिली.

तिने सांगितले ते इथे सांगते. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दोघांच्या नावावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर निघायचे ते पाडव्याच्या आगेमागे परत. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग बाई आजारी असो की तिला पाळी आलेली असो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याबद्दल शासनाने चौकशी समिती नेमली होती, हे मी बातम्यांत ऐकले होते. ऐकणे निराळे आणि तिच्या चुलीपाशी बसणे निराळे. सकाळी आम्ही उठलो तेव्हा टोळी केव्हाच फडात गेली होती. कोपीच्या दाराशी एक लहान मूल आणि तो काळा कुत्रा, एवढेच मागे होते.

घरी आल्यावर मी तीन आठवडे गाडीकडे पाहिले नाही. तिचे ते "मंग?" माझ्या कानांतून जाईना. तिचे घर चाकांवर असते कारण घरी भागत नाही, आणि मी घरी सगळे असताना चाकांवर घर बांधते. यजमान म्हणाले, गाडी विकून तिचा काय फायदा? ते खरे आहे, आणि त्याने माझे समाधान झाले नाही हेही खरे आहे. मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या भागातही टोळ्या उतरतात. त्या दिवसांत आपल्या सभागृहाची मोरी आणि संडास त्या बायकांना सकाळ-संध्याकाळ उघडून द्यावा. किल्ली सांभाळण्याचे काम मी घेते. ह्यावर आज मत घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

लोणारच्या सहलीचे थोडक्यात सांगते. सरोवर अभयारण्यात येते, म्हणून कुत्र्यांना वर ठेवून आम्ही एकेकजण खाली गेलो. रात्री मुक्कामी एका भटक्या कुत्र्याने मोत्याच्या मानेला चावा घेतला. दोन्ही कुत्र्यांना पिसाळीची लस दरवर्षी टोचलेली होती म्हणून धीर होता. तरी हातांत जुने मोजे घालून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुतली, आणि घरी परतल्याबरोबर परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेले. तिथे पुन्हा लस दिली आणि काही दिवस नजरेखाली ठेवायला सांगितले. मोत्या बरा आहे. पण माणसाला कुत्रे चावले तर काय करावे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. जखमेवर तिखट, हळद, चुना काही भरू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जितक्या सुया सांगतील तितक्या पुऱ्या कराव्यात. पिसाळीचे लक्षण दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हणून समजा.

आता सासूबाईंचे सांगते. एका संध्याकाळी मी कुत्र्यांच्या भाकरीत ताक कालवीत होते. त्या ओट्यावर बसून पाहात होत्या. एकाएकी म्हणाल्या, "त्या गाडीत तिघं निजतेत का?"

त्यांचे माहेर चारठाण्याचे. भाऊ वारला, भाचे पुण्याला गेले, घर विकले गेले. चोवीस वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. चारठाणे काही दूर नाही, जिंतूरच्या पलीकडे. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी येता येते. पण माहेर नसलेल्या बाईने माहेरगावी उतरायचे कुणाच्या दारात? कुणाकडे पाणी मागायचे? मला हे कधी सुचलेच नव्हते, आणि त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते.

त्या शनिवारी सासूबाई पुढच्या जागेवर बसल्या. चारठाण्यात जुनी पुष्कळ दगडी देवळे आहेत, एक उंच कोरीव खांब आहे, गोकुळेश्वराची पायऱ्यापायऱ्यांची बारव आहे. बाहेरचे लोक ते बघायला येतात. सासूबाईंनी आम्हाला दाखवले ते निराळेच. ह्या पायरीवर आम्ही धुणे आपटायचो, इथे माझ्या मैत्रिणीची पैंजण पाण्यात पडली, इथून उडी मारली म्हणून वडिलांनी मारले. त्यांच्या घराच्या जागी पत्र्याचे दुकान आहे. दुकानासमोर त्या उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. गावच्या दोघीचौघी जमल्या. एकीने ओळखले. "कुणाकडं उतरलाव?" असे तिने विचारले. सासूबाईंनी गाडीकडे बोट केले आणि तिलाच चहाला बोलावले. मी शेगडी पेटवली. अकरा बायांचा चहा झाला, दूध दोनदा आणावे लागले.

रात्री देवळाच्या मोकळ्या जागेत, पुजाऱ्यांना विचारून, मुक्काम केला. थंडी होती. राणी मागून हळूच पुढे आली आणि सासूबाईंच्या पायांवर अंग टाकून निजली. "हिला खाली घ्या," त्या दोनदा म्हणाल्या. मी उठेपर्यंत त्यांना झोप लागली होती. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे पाय धुतले आणि राणीला बिस्कीट दिले.

पुढच्या महिन्यात गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, गोदावरीवर जावयाचे ठरत आहे. पुढची जागा सासूबाईंनी धरून ठेवली आहे. मागे दोघींची सोय होईल. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटत नाही त्यांनी चहाच्या वेळी मला सांगावे. शेगडी आणि भांडी आमची, पांघरूण मात्र आपापले आणावे.